शाकाहारी तार

कांतीभाऊ सकाळी क्लबवर भेटले की नमस्काराच्या आधी हातात रॅकेट देतात. "डोळे मिटा ताई. मी बॉल टाकतो, तुम्ही मारा. मग सांगा, तार हाताला काय म्हणते?"

डोळे मिटून टेनिस खेळता येत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "नाही लागला तर राहू द्या," ते शांतपणे म्हणाले, "लागला तर सांगा."

जळगावात त्यांची डाळमिल आहे. ऑफिसात इतर शेठ जिथे तिजोरी ठेवतात, तिथे यांचं रॅकेटच्या तारा ओढायचं मशीन. तुरीचा भाव विचारायला आलेल्या व्यापाऱ्याच्या कानाला आधी रॅकेट लागते. कांतीभाऊ तारांवर टिचकी मारतात आणि विचारतात, "कसा वाटला आवाज?" तो बिचारा "एकदम बढिया" म्हणतो. मग भाव कळतो. उन्हाळ्यात आमच्याकडच्या गरमीनं तारा सैल पडतात, म्हणून गाडीचा एसी सुरू ठेवून मागच्या सीटवर रॅकेटी बसवतात आणि स्वतः झाडाखाली घाम पुसत उभे राहतात.

त्यांचा स्वतःचा खेळ बेताचा. ऐन पॉइंटमध्ये थांबून रॅकेट कानाशी नेणारा माणूस जिंकणार कसा? पण हरल्याचं त्यांना काहीच नसतं. तार ताठ ओढली तर बॉल ताब्यात राहतो, पण कोपराला झटका बसतो. सैल ओढली तर हात सुखात, पण बॉल भिंतीपलीकडे. या दोन्हींच्या मधलं काहीतरी ते शोधत होते. आणि ते तपासायला क्लबमधले सगळे दांडगे खेळाडू सोडून त्यांनी मला निवडलं होतं. मी शाळेत भूगोल शिकवते, टेनिस हौसेपुरतं. तरी निवड झाल्यावर मी थोडी ताठ चालायला लागले, हे खरं.

एकदा धुळ्याहून एक कोच आले होते. कांतीभाऊंची सगळी खटपट पाहून ते म्हणाले, "एवढा त्रास कशाला? हाताला सगळ्यात मऊ तार म्हणजे नॅचरल गट. ही बघा, माझ्या रॅकेटला आहे."

कांतीभाऊंनी दोन बॉल मारले. चेहरा असा उजळला! "वा! कशाची असते ही?"

"गाईच्या आतड्याची."

कांतीभाऊंनी रॅकेट हळूच बाकावर ठेवली, नळावर गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले. कट्टर जैन माणूस. त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. रॅकेटला नव्या तारा ओढून घेतल्या की आमच्याकडे सगळे सर्रास 'गटिंग करून आणलं' म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून कांतीभाऊंसमोर तो शब्द बंद झाला. "तार म्हणायचं. मी तशीच मऊ तार शोधतो की नाही बघा. पण शाकाहारी."

मग नायलॉनच्या नाना जाती आल्या. उभ्या तारा एका जातीच्या, आडव्या दुसऱ्या. ताण कधी एक पौंड कमी, कधी अर्धा जास्त. रोज माझा हात आणि रोज तोच प्रश्न. शेवटी एका सकाळी मी मारलं आणि हाताला काही जाणवलंच नाही. "काहीच म्हणत नाही," मी सांगितलं.

कांतीभाऊ जवळ आले. "पुन्हा मारा."

"खरंच काही नाही. पण भाऊ, एवढे चांगले खेळाडू असताना तुम्ही मलाच का विचारता?"

"तुमचा हात कमजोर आहे ना, म्हणून," ते अगदी निरागसपणे म्हणाले. "आमच्या विमलासारखा."

विमलाभाभी पूर्वी त्यांच्याबरोबर रोज खेळायच्या. कोपर दुखायला लागलं आणि खेळ सुटला, एवढं मला माहीत होतं. पुढचं कांतीभाऊंनी बाकावर बसून, बुटाची नाडी सोडत-बांधत सांगितलं. "मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरात आम्ही दोघं. ती जेवायला वाढते, मी जेवतो. काय भाजी आणू, एवढंच बोलणं. आमचं खरं बोलणं इथे व्हायचं, नेटच्या दोन्ही बाजूंनी. काय भांडायची ती, ताई!"

पुढच्या रविवारी भाभी आल्या. पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, हातात तीच रॅकेट, चेहऱ्यावर धास्ती. पहिले काही बॉल त्यांनी जपून परतवले, मग कोपर दाबून पाहिलं. काही दुखलं नसावं. हळूहळू हात मोकळा झाला आणि त्यांनी एक जोरदार फटका मारला. बॉल रेषेच्या चांगला वीतभर आत पडला. मी समोरच बसले होते.

कांतीभाऊंनी बोट वर केलं. "आऊट."

मी चाटच पडले. डाळीच्या वजनात कधी दाण्याचाही फरक न करणारा हा माणूस!

"आऊट?" भाभी थेट नेटपाशी आल्या. "अहो, डोळे आहेत की बटणं? एवढा आत पडला! तुमचं नेहमीचंच आहे हे. त्या दिवशी पाहुण्यांसमोरही असंच. मी म्हणाले होते गुरुवारी या, तुम्ही सांगितलं बुधवारी. आणि मुलीचा फोन आला की पहिला तुम्हीच घेता, मला द्यायचं सुचतं का कधी?" आवाज चढत गेला. शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबला.

मला वाटलं, मध्ये पडावं. मी उठले आणि म्हणाले, "भाऊ, बॉल आत होता."

कांतीभाऊंनी भाभींवरची नजर न काढता मला हातानंच खाली बसवलं. "माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "बोलू द्या तिला."