आकारामतात्यांची अडकलेली मान

आकारामतात्यांची मान चार दिवस डावीकडे अडकून बसली होती. विठ्ठलाच्या देवळात डावीकडे बायका बसत, म्हणून प्रकरण नाजूक झालं होतं. शुक्रवारी सप्ताहाची सांगता, आणि काल्याच्या कीर्तनात वीणा धरून उभं राहायची पाळी अकरा वर्षांनी तात्यांवर आलेली.

"त्या दिवशी देवाकडं बघणार का हौसाकाकूकडं?" थोरल्या बहिणीनं, अक्कानं, विचारलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "बसता कसं, झोपता कसं, जरा बघा की. आपली तब्येत आपणच सांभाळायची." तात्यांनी उशी बदलली. मान हलली नाही.

मंगळवारी कीर्तन असं रंगलं, की मृदंग थांबला तरी माणसं डोलत होती. बुवा म्हणाले, "बाबांनो, देहाचं दुखणं म्हणजे आपल्याच कर्माचं फळ. ज्याचं त्यानं शोधावं!" खांबाआडून वाकून ऐकणाऱ्या तात्यांच्या अंगावर काटा आला. डॉक्टर म्हणतात आपलंच, बुवा म्हणतात आपलंच. पण आपलं नेमकं कुठलं?

बुधवारी सकाळी ते दूधवाल्या गुंडूकडे गेले. "गुंडू, माफ कर बाबा. तू गल्लीत म्हशी बांधतोस म्हणून म्युनिसिपालटीत अर्ज मीच दिलता."

गुंडू धार काढायचा थांबला. "तुम्ही व्हय? आन् मी तीन वर्षं त्या मास्तराला शिव्या घालतोय!" त्यानं माफ केलं नाही, दूध मात्र बंद केलं.

मग गल्लीतल्याच ज्ञानूचं घर. "तुझ्या सोयरिकीच्या वेळी पोरीकडच्यास्नी मी सांगितलतं, पोरगं सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाई. सगळं खोटं!"

आतून ज्ञानूची बायको लाटणं घेऊनच बाहेर आली. "ते तुम्ही व्हय, भावजी?"

तात्या पळाले. मान डावीकडे, त्यामुळे समोरचं दिसेना. म्हणून आडवे पळाले, ते थेट शेजारच्या बाळासोच्या सायकलीवर आदळले.

"बाळासो, तूबी माफ कर."

"कशाबद्दल?"

"ठावं न्हाई. तूच सांग."

बाळासो खाली बघायला लागला. "गेल्या सप्ताहात माझं बस्कर मागं सारून तुम्ही म्होरं बसलासा. म्हणून यंदा तुम्ही बस्कर टाकून गेलासा की मी ते रोज खांबामागं सारतोय. वाटलं, तुम्हाला कळलं आसंल."

"मी म्हटलं, पांडुरंगाचीच इच्छा!" तात्या रस्त्यातच बसले. "म्हणजे रोज तीन तास त्या खांबाआडून... आरं, मग डॉक्टर बरोबर का बुवा?"

"दोघंबी," बाळासो म्हणाला. मग म्हणाला, "का कुणीच न्हाई?" आणि तोही शेजारी बसला.

त्या संध्याकाळपासून बाळासोनं तात्यांचं बस्कर स्वतःच्या हातानं पुढं टाकलं. शुक्रवारपर्यंत मान मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा गुण. बुवा म्हणाले, पश्चात्तापाचा. अक्का दोघांचंही ऐकून घेत घरी कोरा चहा गाळत होती, कारण गुंडू अजून फुगलेलाच होता.

काल्याला तात्या वीणा घेऊन ताठ उभे राहिले. समोर विठ्ठल बघून त्यांचे डोळे भरून आले. मग मान सहज फिरते का म्हणून त्यांनी खांबाकडे पाहिलं. प्रायश्चित्त म्हणून बाळासो खांबामागं बसला होता, मान डावीकडे वाकवून.

हौसाकाकूंनी पदर सावरला. "अगं बया," त्या शेजारणीला म्हणाल्या, "ते एक सुधारलं, तर आता ह्येनं सुरू केलं!"