सरांच्या मॉडेलमधली अक्का

कांदा महागला असं बेंद्रे सरांना नुसतं सांगून भागत नाही. "आणि मग?" असं ते विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. एका लग्नात कोशिंबिरीत कांदा नव्हता. मुलीच्या वडिलांनी कांद्याच्या भावाकडे बोट दाखवलं. सरांनी त्यांना तिथंच गाठून निर्यातीपासून डिझेलपर्यंत फिरवून आणलं. तिकडे मंडपात वडिलांना शोधत होते.

आकुर्डीच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, सर अर्थशास्त्र. घरंही समोरासमोर, त्यामुळे सुटका नाही. सरांनी सगळ्या देशाचा व्यवहार कॉम्प्युटरात बसवलाय. त्याला ते मॉडेल म्हणतात. शेतकरी, कामगार, कारखानदार, सरकार, सगळे त्यात आकडे होऊन राहतात. सरकारचा एखादा निर्णय आत घालायचा आणि कुणाचं काय होतं ते बघायचं.

"शेतीचा निर्णय शेतात थांबत नाही हो," सर म्हणतात. "कांदा उतरला की चाकणच्या कामगाराकडे चार पैसे उरतात. तो मोबाइल घेतो. आणि मग?"

त्यांना एका जागी चैन नाही. चहा अर्धा टाकून उठतात. सुट्टीच्या दिवशी मला स्कूटर काढायला लावून चाकणच्या कांदा बाजारात नेतात. येताना ट्रकांच्या रांगेत अडकलो, की उतरून ड्रायव्हरला आत काय माल आहे ते विचारून येतात.

कांद्याची निर्यात बंद झाली, त्या हंगामात सरांना पुण्यात अधिकाऱ्यांसमोर मॉडेल मांडायला बोलावलं. मीही गेलो. मॉडेलचं म्हणणं असं, की देशाच्या बेरजेत फारसा फरक पडत नाही; कांदा पिकवणं परवडेना झालं की माणसं शेत सोडून कारखान्यात लागतात. साहेब लोक खूश झाले. सर मात्र परतताना सारखे चुळबुळत होते. शेवटी त्यांनी गाडी चाकणजवळच्या निघोजे गावाकडे वळवायला लावली.

तिथं त्यांची थोरली बहीण, अक्का. नवरा गेल्यापासून एकटीच शेत बघते. आईमागं सरांना तिनंच वाढवलं. आम्ही पोचलो तेव्हा ती साठवलेल्या कांद्यातला सडका बाजूला काढत होती. सर शेजारी बसून कांदे निवडू लागले. मग त्यांनी विचारलं, कंपनीच्या कँटीनमध्ये काम मिळालं तर करशील का?

"आता ह्या वयात?" अक्का म्हणाली. "आन् हितं कोन बघंल?"

त्यानंतर काही महिने सर मॉडेल उसवत होते. शेतकरी म्हणून एकच रकाना होता, त्यातून एकट्या शेती करणाऱ्या बायका वेगळ्या काढल्या. यानं बेरीज बदलणार नाही, असं विभागातल्या सगळ्यांनी बजावलं. बेरीज खरंच बदलली नाही.

मग एकदा अक्का डोळे दाखवायला आकुर्डीला आली. मी तिथंच होतो. पडद्यावरचे आकडे बघून तिनं विचारलं, दिवसभर करतोस काय ह्यात? सरांनी सोपं करून सांगितलं.

"मंग मी कुठं हाय ह्यात?"

सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ही तू. आधी तू कारखान्यात जायचीस. आता तुला जागेवरच ठेवलंय."

"बरं केलंस. मंग काय व्हतं माझं?"

"सगळा तोटा तुझ्यावर येतो, अक्का."

अक्कानं ती ओळ डोळे बारीक करून पाहिली. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

"आन् बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं बरं चालतं."

"मंग झालं की," म्हणाली, आणि सरांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सरांनी पडद्यावरचं बोट काही उचललं नाही.