तेरा बादल्या

नगरपालिकेने श्रावणला बागा शिकायला नागपूरला पाठवायचं ठरवलं, तेव्हा अख्खा मोहल्ला खूश झाला, एकटा श्रावण सोडून. साल एकसष्ट. दिग्रसला सार्वजनिक बाग व्हायची होती, आणि रस्त्यावर पाणी मारणाऱ्या श्रावणला तिचा माळी करायचं घाटत होतं. दोन महिने सरकारी बागेत शिकायचं, राहणं-जेवण फुकट. दुसरा कोणी असता तर नाचला असता.

"मी नाई जात," श्रावण म्हणाला. "माह्या चाफ्याले कोन पाहीन?"

हा चाफा त्याच्या बायकोने, मथुराबाईने, आर्णीच्या माहेराहून फांदी आणून मोहल्ल्याच्या मैदानात लावला होता. "फूल आलं का समद्या पोरीयच्या केसात एकेक खोवीन," म्हणायची. फूल येण्याआधीच, हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाने ती गेली. मूलबाळ नव्हतं. तिची म्हणावी अशी जिवंत वस्तू तेवढी एकच उरली होती.

"आमी काय मेलो का?" म्हातारे पंजाबराव म्हणाले. "चौदा घरं हायेत. बिनघोर जाय."

खरं म्हणजे घरं तेराच धरायची. चौदावं रुखमाबाईचं, श्रावणच्या दारासमोरचं. विहिरीवर घागर आधी कुणाची, यावरून तिची आणि मथुराबाईची नऊ वर्षं बोलचाल बंद होती. म्हणून भांडण बंद होतं असं नाही बरं का! रुखमाबाई आपल्या बकरीला ऐकवायची, "पाह्य वं, काई लोकायले रीतच नाई!" की इकडून मथुराबाई कोंबड्यांना सांगायची, "दुसऱ्याच्या दारात कायले जाता? तिथं बकरीपेक्षा मालकीनच मारकी हाये!" असा रोजचा कार्यक्रम.

श्रावण गेला. नागपूरला त्याने मन लावून शिकून घेतलं. दुसरं करणार काय? तिथल्या चाफ्याला बहर आला होता, त्याच्याकडे मात्र तो पाठ करून काम करायचा. नवीन काही शिकला की पंजाबरावांना कार्ड टाकायचा. कार्डावर जागा ती किती! 'उन्हाळ्यात झाडाले रोज एक बादली पानी लागते.' 'झाडाले शेनखत पायजे.' 'छाटणी केली का झाड जोमानं फुटते.' 'बागेत हरेक झाडाले नावाची पाटी असते.' पंजाबरावांची सून नलू चौथी पास होती, ती मैदानात उभी राहून कार्ड वाचायची आणि उत्तर लिहायची, 'चाफा मजेत हाये. तुमी सांगतलं तसंच करून राह्यलो.'

मृगाच्या तोंडावर श्रावण एस.टी.तून उतरला, तो ट्रंकेसकट थेट मैदानात. तिथे चुना लावलेल्या विटांचं गोल आळं होतं. आळ्यात घोटाभर चिखल. कडेला खांबावर नवीकोरी पत्र्याची पाटी, 'मथुराबाई.' झाड नव्हतं.

"झाड कुठी हाये?"

सगळा मोहल्ला जमला होता. नलूच पुढे होऊन म्हणाली, "सडलं, मामाजी."

"सडलं? वैशाखात?"

"तुमीच लिवलं ना, रोज एक बादली?"

"मंग? एकच लिवली ना!"

"एकेकच टाकली, बापा," पंजाबराव कळवळून म्हणाले. "एका घरची एक. कोनी चुकलं नाई."

"विहीर आटली तवा मी तीन दिवस बिनआंघोळीचा राह्यलो," शेजारचा देवराव म्हणाला, "पन बादली चुकू देली नाई."

शेणही तसंच. घरटी एक टोपलं, तेही ताजं. त्याने पानं गळाली. तेवढ्यात छाटणीचं कार्ड पोचलं. जोमाने फुटावं म्हणून देवरावने झाडून साऱ्या फांद्या उडवल्या. उरलेला बुंधा महिन्याभरात सडक्या काकडीसारखा मऊ झाला. आणि मग पाटीचं कार्ड आलं. निदान तेवढं तरी नीट करावं, म्हणून पाटी रंगवली.

"एक तेवढी रुखमाबाई," देवराव चिडून म्हणाला. "तिनं थेंबभर पानी टाकलं नाई. मेल्यावर बी वैर!"

चौदा घरांतल्या तेरा बादल्या! जिथे माणसं घोटभर पाण्याला महाग, तिथे चाफा बुडून मेला होता. श्रावणला हसू आलं. हसता हसता कधी रडू लागला ते त्यालाच कळलं नाही. रागवायचं तरी कुणावर? बिनआंघोळीच्या देवरावावर? मथुरा दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला कार्डं त्यानेच धाडली होती. त्याने पाटी उपटली, काखेत मारली आणि घराकडे निघाला.

दारापाशी कुलूप काढता काढता त्याची नजर समोर गेली. रुखमाबाईच्या काट्यांच्या कुंपणात एक जाडसर काडी खोचलेली होती. काडीच्या टोकाला चार हिरवी पानं.

"रुखमाबाई, हे कुठून आनलं?"

रुखमाबाईने बकरीकडे पाहिलं. "सांगजो वं यायले. छाटून फेकलं होतं रस्त्यावर. तू भोकातून निंगून जात होती, म्हून खुपसलं."

"पानी टाकलं काय?"

"पानी कायले टाकीन?" ती उसळली. "तिची माही बोलचाल होती काय?" आणि मग पदर तोंडाला लावून एकदम हळू आवाजात म्हणाली, "आता मी इकून बोलतो, तं तिकून जवाबच येत नाई, भाऊ."

 श्रावणने काखेतली पाटी काढून त्या काडीशेजारी कुंपणाला बांधली.

"माह्या कुंपनावर तिचं नाव?"

"काढतो," श्रावण म्हणाला.

ती बकरीची दोरी हाताला गुंडाळू लागली. थोड्या वेळाने पुटपुटली, "आता तरी टाकू काय बादलीभर?"

"नोका टाकू. भांडन चालूच राहू द्या."

तो गाठ सोडायला वाकला, तेवढ्यात बकरी पाटीपाशी अंग घासायला आली. रुखमाबाईने तिची दोरी खसकन मागे ओढली.

"इकडे सरक वं," ती बकरीला म्हणाली, "मथुरीले लागीन."