गरीब होऊन गावी जाणारे मांडवकर

सौदीतून सुट्टीवर निघालेला माणूस मुद्दाम गबाळा होऊन विमानात बसतो, हे मी आयुष्यात एकाच गृहस्थाच्या बाबतीत पाहिलं. ते म्हणजे आमच्या रास तनुरा या तेलबंदरावरच्या कॅम्पातले इलेक्ट्रिशियन तुकाराम मांडवकर.

त्या तेलाच्या तेजीच्या दिवसांत आम्हा कोकणातल्या पोरांचा गावी जाण्याचा एक थाट असे. डोळ्यांवर गॉगल, बगलेत टेपरेकॉर्डर आणि अंगाला असं अत्तर, की एस.टी.तले लोक खिडक्या उघडायचे. आणि हे महाराज? आठवडाभर आधीपासून दाढी वाढवायची, कॉलर फाटलेला शर्ट काढायचा, पायात टायरच्या चपला.

"अहो मांडवकर, लोक काय म्हणतील? सौदीत भीक मागता की काय?"

"म्हणू देत. नंबर लागलाय."

हा नंबर म्हणजे काय ते सांगतो. सौदीला येण्यापूर्वी मांडवकर खरोखरच गरीब होते. गरिबांच्या घरात सरकार फुकट वीज देणार, असं कळल्यावर त्यांनी अर्ज करून यादीत नंबर लावला. सरकारने अशी काही सवड घेतली, की मधल्या काळात मांडवकरांना व्हिसा मिळाला, तिथे राहायचा परवाना, म्हणजे इकामा, झाला, पोरींची लग्नं लागली. वीज तेवढी आली नाही. आता सौदीची कमाई कळली तर यादीतून नाव कापतील, या धास्तीने हा माणूस गावात पाऊल टाकण्यापुरता पुन्हा गरीब होई.

"मग स्वतःच्या पैशाने घ्या की!" मी एकदा वैतागून म्हणालो.

"त्याला वेगळा अर्ज, वेगळी रांग. परत शेपटाकडून सुरुवात. मी काय येडा हाय?"

कपाळ माझं! दिवसभर हा मनुष्य दुसऱ्याच्या देशात खांबाखांबावर दिवे पेटवी आणि घरी बायको कंदिलाची काच पुसत बसे. वाट पाहणं इतकं अंगवळणी पडलेलं, की मेसमध्ये डाळीला उशीर झाला म्हणून आम्ही बोंब मारली तर म्हणत, "ओरडताय कशाला? नंबर लागलाय." इजिप्तचा मिसरी फोरमन 'यल्ला, यल्ला' म्हणजे 'चला, चला' करत डोक्यावर उभा राहिला, तर त्यालाही शांतपणे ऐकवत, "नंबर लगा है, साब."

बरं, या सोंगाला गावात कोणी फसत होतं म्हणावं, तर तेही नाही. ग्रामसेवक दर खेपेला त्या फाटक्या कॉलरकडे बघून विचारी, "काय मांडवकर, सौदीत उन्हाळा काय म्हणतो?"

"मला काय ठावं? मी मुंबईत हमाली करतो."

ग्रामसेवक भला माणूस. हसून पुढे जाई.

मग एकदा त्यांच्या शेजारच्या गावचे सादिकभाई सुट्टीवरून परतले आणि कॅम्पाच्या दारातूनच ओरडले, "मांडवकर, तोंड गोड करा! तुमच्या घरात वीज आली!"

आम्ही मांडवकरांना खांद्यावर घेतलं. मेसमध्ये शिरा झाला. "बघा, आली का नाय? सरकार देतं. धीर पायजे माणसाला," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. जणू तेल त्यांच्याच परसात लागलं होतं!

शिरा खाता खाता सादिकभाई म्हणाले, "पण वहिनींनी दिवा अजून लावलाच नाय. दाराच्या उजव्या अंगाला काळं बटण बसवलंय, ते वायरमनलासुद्धा दाबू दिलं नाय. म्हणतात, ते येतील नि लावतील, तेव्हाच."

मांडवकरांचा घास हातातच राहिला. त्यांचा करार नुकताच नवा झाला होता. आता कुठली सुट्टी!

"म्हंजे अंधारातच बसते?"

"कंदील असतो की."

"तिला अंधाराचं भ्या वाटतं, सादिकभाई. लग्न होऊन आली तवापासून. मी गोठ्यात गेलो तरी आतून हाका मारत राह्यची, 'अवो, हाय ना तिथं?' म्हणून तर हा सगळा खटाटोप केला. आणि आता दिवा डोक्यावर असून माझ्यापायी अंधारात बसलीय, येडी!"

आणि एवढा बाप्या माणूस, आम्हा सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

पुढली सुट्टी माझी होती. त्या काळी ज्याला लिहिता येत नसे, तो कॅसेटवर बोलून निरोप धाडी. मी माझा टेपरेकॉर्डर मांडवकरांपुढे ठेवला. म्हटलं, "बोला काय बोलायचं ते. मी स्वतः घरी जाऊन वहिनींना ऐकवतो." त्यांना एकटं सोडून आम्ही बाहेर आलो. पण कॅम्पाच्या भिंती पत्र्याच्या, ऐकू येणारच.

आधी खाकरणं झालं. मग आवाज आला, "अगं, मी बोलतोय. ऊठ. भिंतीकडं जा. दाराच्या उजव्या अंगाला काळं बटण हाय. घाबरू नको, मी हाय इथं. हात लाव. हां. दाब आता."

पुढे बराच वेळ नुसती टेप फिरत होती. तिला घर बघायला वेळ नको का द्यायला?

मग मांडवकरांनी अगदी हळू विचारलं, "दिसतंय ना गं सगळं?"