नावापुरता मेहुणा

चहा पिता पिता तंत्रज्ञाने ठरवलं, की मेहुण्याला जरा दूरचा करून टाकायचा.

तसा तो दूरच होता, समुद्रापलीकडच्या देशात. पण आता त्याला नात्यानेही लांब ढकलणं भाग होतं. प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत वादळात हरवलेल्या बोटी शोधणारं यंत्र तयार होत होतं, आणि तिथे शिरायला सुरक्षा परवानगी लागे. ती मिळाली तर यंत्राला हात लागणार. नाही तर बाहेरच्या खोलीत प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढण्यात जन्म जाणार. (गेली काही वर्षं तो तेच करत होता. प्रिंटर हल्ली त्याची वाट बघून अडकत असे.) आणि परदेशात सख्खं माणूस किंवा मालमत्ता असली की परवानगी अडते, असं कँटीनमध्ये सगळे छातीठोकपणे सांगत. ज्यांनी कधी अर्ज केला नव्हता, ते तर जास्तच.

चौकशी अधिकारी घरी आले. बायकोने चहा दिला आणि समोरच बसली.

"परदेशात कोणी?"

"मेहुणा आहे एक. नावापुरता."

"बोलणं होतं?"

"छे! वर्षाकाठी एखादा फोन. तोही चुकून लागला तर."

"चुकून?" बायको उसळली. "अहो, परवा तासभर खिदळत होतात ते कोणाशी? आणि अंगातला हा शर्ट कोणी पाठवला?"

अधिकाऱ्यांनी शर्टाकडे पाहिलं. तंत्रज्ञाने उगाच कॉलर झाकली.

"सख्खा भाऊ आहे माझा, साहेब. हे आजारी होते तेव्हा रजा काढून आला, महिनाभर उशाशी बसला. आणि आज तो नावापुरता?"

"बरं," अधिकारी म्हणाले, "तिथे काही मालमत्ता?"

"अजिबात नाही!" या वेळी तंत्रज्ञ अगदी मनापासून म्हणाला.

"आहे ना," बायको म्हणाली. "घर आहे. निम्मं दादाचं, निम्मं माझं. तिथल्या आत्याने जाताना आमच्या नावावर केलंय."

"कुठलं घर?" तंत्रज्ञाला असा ठसका लागला, की चहा नाकातून आला.

"मी दरवर्षी कर भरताना सरकारला कळवते, साहेब. यांनाच तेवढं सांगितलं नव्हतं."

"का?" दोघांनी एकदमच विचारलं.

"यांच्या तोंडात तीळ भिजत नाही! सकाळी यांना सांगितलं असतं, तर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या न्हाव्याने मला भाडं किती येतं ते विचारलं असतं."

संपलं. मेहुणा, घर, आणि वर तीळ. तंत्रज्ञाला डोळ्यांसमोर प्रिंटर दिसू लागला.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, ऑफिसातलंही असंच सांगतात का हो?"

तंत्रज्ञाने बायकोकडे पाहिलं. ही बाई खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत होती.

"ते मात्र नाही," ती म्हणाली. "खोदखोदून विचारलं, भांडले, अबोला धरला. हे कोणत्या मजल्यावर बसतात तेसुद्धा मला माहीत नाही."

अधिकारी पहिल्यांदाच हसले. "अहो, परदेशात नातेवाईक असणं गुन्हा नाही, घर असणंही नाही. त्यावरून कोणी तुमच्यावर दबाव आणेल का, एवढंच आम्ही बघतो. आणि दबाव लपवलेल्या गोष्टीचाच येतो. तुम्ही नेमकं तेच करायला निघाला होतात. चला, मेहुण्याचं पहिल्यापासून खरं सांगा."

मग तंत्रज्ञ जो सुटला! आजारपण, शर्ट, तासभराचं खिदळणं, सगळं सांगितलं. ऐकताना बायकोने डोळ्याला पदर लावला आणि अधिकाऱ्यांना दुसरा कप चहा केला.

आणि परवानगी मिळाली!

छाती फुगवून तो आतल्या खोलीत शिरला. घामाने निथळणाऱ्या मुख्य शास्त्रज्ञबाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "आलात! देवासारखे आलात!"

"यंत्र कुठंय, मॅडम?"

"यंत्र राहू द्या हो. आधी हा एसी बघा. उन्हाळ्यापासून बंद पडलाय. एसीवाल्याला परवानगी नाही, मग आत आणणार कसा?"

तो टेबलावर चढला. तिथून ते यंत्र मात्र पूर्ण दिसत होतं, हिरवा दिवा लुकलुकवत. त्याला तेवढ्यानेही भरून आलं.

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "काय हो, काय काम केलंत आज आत?"

"सांगता येणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला. गोपनीयतेचा नियम किती दयाळू असतो, ते त्याला त्या दिवशी कळलं.