पिंडरसाहेबांचं घराणं

अनंत वालावलकर सरांना माणसाचं नुसतं नाव कळून चैन पडत नसे. आडनाव कळावं लागे. आडनावावरून मूळ गाव, गावावरून कुलदैवत, आणि कुलदैवतावरून त्या माणसाला मासळी चालते की नाही इथपर्यंत ते बिनचूक पोचत. सिल्वासाच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, पण नोकरीपायी मुंबई-कोकणातून इथे आलेल्या मंडळींत त्यांची ख्याती वेगळीच होती. कुणाचाही सत्कार असो, पाहुण्यांचा परिचय वालावलकर सरच करून देत. शाल खांद्यावर पडायच्या आत ते पाहुण्याच्या खापरपणजोबापर्यंत जाऊन परत येत. पाहुणाही आपल्या घराण्याबद्दल बरंच काही पहिल्यांदाच ऐकत असे आणि खूश होऊन खाली बसे.

एक्याण्णव साली राखोलीच्या एका कापड कारखान्यात नवी यंत्रं आली आणि ती बसवायला विलायतेहून एक इंजिनियर आला. पिंडर त्याचं नाव. यंत्रं सुरू झाली तसा मॅनेजर चोळकरसाहेबांनी त्याचा सत्कार ठरवला. सरांचा मेहुणा निलेश त्याच कारखान्यात टेम्पररी होता. ‘पर्मनंट झाल्याशिवाय साखरपुडा नाही,’ असं त्याच्याशी ठरत आलेल्या अश्विनीच्या वडिलांनी त्याला तोंडावर सांगितलेलं होतं. त्यामुळे चोळकरसाहेबांचं बोलावणं येताच सर इस्त्रीचा शर्ट घालून दोन गल्ल्या पलीकडच्या त्यांच्या बंगल्यावर हजर झाले.

“घ्या सर, चहा घ्या. दूध घरच्या गाईचं आहे,” साहेब म्हणाले. अंगणात एक लालसर गीर गाय मोकळीच उभी होती. गळ्यात निळ्या मण्यांची माळ होती. “ही आमची कपिला. हिला बांधलेलं आवडत नाही. आता सांगा, हे पिंडर म्हणजे कुठलं घराणं?”

सरांनी हे आडनाव आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. पण दाराशी निलेश हात जोडून उभा होता, आणि ‘माहीत नाही’ हे शब्द सरांच्या जिभेला कधी सवयीचे नव्हते.

“मोठं घराणं,” सर बोलून गेले. “राजाच्या विश्वासातलं. राजवाड्याच्या किल्ल्या यांच्याच कमरेला असायच्या.”

“काय सांगता!” साहेब उठून उभेच राहिले. “आणि आम्ही त्यांना गेस्ट हाउसमध्ये रोज बटाट्याची भाजी घालतोय!”

त्या दिवसापासून निलेश रोज संध्याकाळी नवी बातमी घेऊन येऊ लागला.

“भावोजी, प्लॅस्टिकची खुर्ची कॅन्सल. खेरडीच्या मंडपवाल्याकडनं नवरानवरीची सिंहासनं आणतायत.”

“दोन्ही?”

“एकटं दिलं तर जोडी फुटते म्हणतो तो. आणि खानवेलहून तारपा वाजवणारे आदिवासी येणारेत.”

दुसऱ्या दिवशी शालीच्या जागी भरजरी फेटा आला. त्यानंतर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये हातभर लांबीची पितळी किल्ली घडवायला घेतली गेली. ही किल्ली पाहुण्यांना अर्पण होणार होती. ते ऐकून सर पांघरूण घेऊन आडवेच झाले.

“अहो, जाऊन खरं सांगून टाका,” त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणाल्या.

“काय सांगू? मी थाप मारली म्हणून? मग निलेश पर्मनंट होतोय की पर्मनंट घरी बसतोय?”

“मग त्या गोऱ्यालाच विचारा की.”

“पाहुण्याला त्याचंच घराणं विचारायचं? इतकी वर्षं काय इज्जत कमावली मी?”

सत्काराच्या दिवशी सर भाषण पाठ करत अंगणात फेऱ्या मारत होते. सुनंदाबाई नवी साडी नेसून बाहेर आल्या. चेहऱ्यावर काहीतरी जिंकल्याचा आनंद होता.

“आज एका कामाचा निकाल लावला,” त्या म्हणाल्या. “ती मोकाट गाय. रोज पहाटे येऊन माझा दुधीचा वेल ओरबाडायची ना, ती! आज धरली आणि स्वतः हाकत पंचायतीच्या कोंडवाड्यात घालून आले.”

“बरं केलंस,” सर पाठांतराच्या नादात म्हणाले. मग थांबले. “कशी होती गं?”

“लालसर. चांगली खातीपिती. गळ्यात निळ्या मण्यांची माळ.”

“अगं, ती चोळकरसाहेबांची कपिला!”

“मग साहेबांच्या गाईला साहेबांच्या परसातला दुधी गोड लागत नाही का?”

बाईंचा मुद्दा बिनतोड होता, पण त्यानं निलेशची नोकरी वाचणार नव्हती. तेवढ्यात कारखान्याची जीप दारात येऊन हॉर्न वाजवू लागली. सत्कार उरकला की गुपचूप जाऊन गाय सोडवायची, एवढंच ठरवून सर सुनंदाबाईंना घेऊन जीपमध्ये बसले.

कारखान्याच्या आवारात तारपा घुमला. फेटा बांधलेला पिंडरसाहेब एका सिंहासनावर बसला आणि जोडी फुटू नये म्हणून दुसऱ्यावर चोळकरसाहेब बसले. सरांनी आधी मराठीत, मग इंग्रजीत पिंडर घराण्याचा असा काही इतिहास उभा केला की समोरचे कामगार पाहुण्याकडे मान वर करून बघू लागले. टाळ्या झाल्या. किल्ली अर्पण झाली. पिंडरसाहेब ती मांडीवर घेऊन बराच वेळ हसत होता. मग तो बोलायला उठला आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायची जबाबदारी अर्थातच सरांवर आली.

मनाचं काहीतरी ठोकून द्यावं, तर चोळकरसाहेबांना इंग्रजी चांगलं येत होतं.

“साहेब म्हणतात, किल्ल्यांचं सरांनी सांगितलं ते खरं आहे,” सर म्हणाले, आणि त्यांच्या जिवात जीव आला. पुढचं वाक्य ऐकताच तो परत गेला. “पण… त्या राजवाड्याच्या नव्हत्या.”

चोळकरसाहेब सिंहासनात पुढे सरकले.

“साहेब म्हणतात, त्यांच्याकडे उत्तर इंग्लंडात जुन्या काळी गावोगावी एक आवार असे. मोकाट जनावर कुणाच्या शेतात शिरलं की ते धरून तिथे कोंडायचं. कोंडणाऱ्याला पिंडर म्हणत. त्यांचे पूर्वज… तेच काम करत.”

“आरं, म्हंजे कोंडवाडावाला!” मागून एक कामगार ओरडला आणि सगळं आवार खदखदून हसलं. पिंडरसाहेबही हसला. चोळकरसाहेब मात्र आपल्या सिंहासनावरून सरांकडे अशा नजरेनं बघत होते की निलेशनं पर्मनंट व्हायचा विचार सोडूनच दिला.

“साहेब म्हणतात, त्यांच्या गावातल्या त्या आवारात आता फुलझाडं लावलीत. चालू कोंडवाडा त्यांनी कधी पाहिलेला नाही. इथे… इथे एखादा आहे का?”

सगळ्या कामगारांनी एकदम सिल्वासाकडे हात केले.

दोन जीप कोंडवाड्याशी येऊन थांबल्या. राखणदार सुकदेव खाटेवरून गडबडीनं उठला. दोन कालवडी, एक गाढव आणि मधोमध निळ्या मण्यांची माळ घालून कपिला निवांत रवंथ करत होती. मालकाला पाहताच ती हंबरली. आता नाकारायची सोय उरली नाही.

“ही इथं कशी?” चोळकरसाहेब गरजले.

“बाईंनी आनली ना सकाळी,” सुकदेवनं सुनंदाबाईंकडे बोट केलं. “तुमची गाय शे म्हनूनसन निरोप धाडला व्हता, पन सायेब तं सत्काराले गेले म्हने.”

सरांनी डोळे मिटून घेतले. निलेश भिंतीशी जाऊन उभा राहिला. सुनंदाबाई मात्र पदर खोचून पुढे झाल्या. “हो, मीच आणली. कोणाची का असेना. माझा वेल गेला.”

काय चाललंय ते पिंडरसाहेबानं विचारून घेतलं. सरांनी सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं राहिलं होतं काय! ऐकता ऐकता साहेबाचे डोळे चमकले. तो बोलला तेव्हा सरांचा आवाज हळूहळू मोठा होत गेला.

“साहेब म्हणतात, खुद्द जमीनदाराची गाय शिरली तरी ती कोंडायची, हीच पिंडरची परीक्षा. त्यांचा एक पूर्वज तिथंच कच खायचा, असं त्यांचे आजोबा सांगत. साहेब म्हणतात, ही किल्ली चुकीच्या माणसाला दिली गेली.”

आणि त्यानं ती हातभर किल्ली सुनंदाबाईंच्या हातात ठेवून फेट्यासकट मान लववली.

सुकदेवनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. चोळकरसाहेबांनी एकदा पाहुण्याकडे पाहिलं, एकदा गाईकडे, आणि चेहऱ्यावर हसू ओढून आणलं. “अहो, या आमच्याच! आमच्या निलेशची सख्खी बहीण. निलेश आमचा पर्मनंट माणूस!”

शब्द तोंडातून पडतो न पडतो तोच निलेशनं चारचौघांत साहेबांचे पाय धरले. आता तो मागे घ्यायची सोय नव्हती. मघाशी सिंहासनावर बसलेल्या साहेबांनी मुकाट्यानं दंड भरला आणि दावं धरून ते गाय घरी घेऊन गेले.

त्या दिवसापासून सिल्वासात सुनंदाबाईंना कुणी वालावलकरबाई म्हणेना. त्या पिंडरबाई झाल्या. पितळी किल्ली बैठकीच्या भिंतीवर चढली, आणि कुणाच्या परसात जनावर शिरलं की बायका आधी त्यांनाच हाक मारू लागल्या.

निलेशच्या साखरपुड्याला अश्विनीचे आजोबा गावाहून आले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या सरांकडे पाहून विचारलं, “हे कोण?”

“हे होय? पिंडरबाईंचे मिस्टर.”

“पिंडर?” आजोबांनी चष्मा नीट केला आणि सरांच्या शेजारी सरकले. “हे नाव नाही ऐकलं. मूळचे कुठले हो तुम्ही?”

सरांनी सवयीनं तोंड उघडलं. मग पलीकडे पेढे वाटणाऱ्या सुनंदाबाईंकडे त्यांनी पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, “मला माहीत नाही. हिलाच विचारा.”