तुळशीभोवतीची अमेरिका

बाबांना अमेरिकेत गाडी चालवायला मीच शिकवणार, असं मी चहा पिताना जाहीर केलं. (निदान चहा संपेपर्यंत तरी थांबायला हवं होतं.)

बाबांचा सगळा जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये गेला. पुढच्या महिन्यात आईला घेऊन ते माझ्या दादाकडे, हर्षदकडे, निघालेत. एकच हौस: नातीला गाडीतून शाळेत सोडायचं. पण हर्षदच्या गावात सिग्नल काढून चौकाचौकांत सर्कलं केलीत.

"फायदा काय त्याचा?" बाबा.

"उगाच थांबावं लागत नाही. समोरासमोर धडक होत नाही."

"आणि चौघे एकदम आले तर?"

"आत असेल त्याला आधी जाऊ द्यायचं."

"आपल्या हातखंब्याच्या तिठ्यावर जाऊ देऊन बघ. संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहशील!"

मोठ्या माणसांना शंका फार. मी त्यांना सरळ स्कूटीवर बसवलं आणि अंगणातल्या तुळशीभोवती फिरवायला लागले. तिकडे सगळं उलटं, म्हणून तुळस डाव्या हाताला.

"अगो, तुळशीला उलटी प्रदक्षिणा?" आई पदर खोचून धावली.

"आई, ही प्रदक्षिणा नाही, ट्रेनिंग आहे."

आठवड्यात बाबा तयार झाले. इतके, की रविवारी मारुती मंदिराच्या सर्कलला त्यांनी आल्टो थेट उजवीकडून घातली. समोरून एसटी. शेजारी बसलेली आई मारुतीला हात जोडतेय. मागून मी "बाबा, भारत! भारत!" असं ओरडत स्कूटी दामटली. (कुठल्या बाजूने, ते पोलिसाने शिट्टी मारल्यावर कळलं.)

"आजोबा, हे कुठे शिकलात?" पोलीस.

बाबांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. त्यांचं वय बघून त्यांना सोडलं. लायसन्स माझं घेतलं.

घरी आल्यावर बाबांनी अमेरिकेसाठी घेतलेला नवा गॉगल डबीत घालून कपाटात ठेवला. "नातीला मी चालतच नेईन," म्हणाले.

"पुन्हा शिकवते ना, बाबा."

"नको गो."

चिडले असते तर मला भांडता आलं असतं. भांडण मला जमतं. त्या "नको गो"चं काय करायचं, ते अजून जमलेलं नाही.

हल्ली मला कामावर बाबाच सोडतात, स्कूटीवर मागे बसवून. सर्कल आलं की वेग कमी करतात आणि अगदी मनापासून विचारतात, "अक्षया, ही रत्नागिरीच ना?"

आणि मागचे हॉर्न वाजवत असताना मला खरंच क्षणभर विचार करावा लागतो.